मातीत घालायचा कोळसा

४ जानेवारी

आज पहिल्यांदा भट्टी नीट लागली. धूर जवळजवळ नाहीच. वरून पेटवायची, खालून नाही, एवढीच गोष्ट. कापसाच्या वाळक्या झाडांचा, पऱ्हाटीचा, एक थर जळत आला, त्यावर पांढरी राख धरू लागली की लगेच दुसरा थर. असं करत भट्टी भरायची आणि राख व्हायच्या आत पाणी मारायचं. उरतो तो कोळसा. काळा, हलका, तुकडा तुकड्यावर आपटला तर काचेसारखा वाजतो.

भट्टी रफिकनं बनवली. जानेफळला त्याचं वेल्डिंगचं दुकान, शाळेपासूनचा दोस्त. पाणी मारता मारता म्हणे, "पवन्या, लोकं कालेज शिकून साहेब होतात बे. तू कोयसेवाला झाला." हसलो नाही. मग हसलो.

बाबा बोलत नाहीत. बुलढाण्याचं कॉलेज सुटल्यापासून तसंच. मेसवाल्याच्या एक कानाखाली दिली, कॉलेजवाले माफी लिहून दे म्हणाले, नाही दिली. बी.एस्सी. ॲग्री, दुसरं वर्ष, खलास.

अ.ला भट्टीचा फोटो पाठवला. पाहिला तिनं. उत्तर नाही.

७ जाने.

भट्टीचं ट्रेनिंग दिलेल्या कंपनीचे साहेब आले होते. पारावर मीटिंग. साहेबांचं तेच, पण सांगतात चांगलं. कापूस संपला की पऱ्हाटी वावरातच पेटवता, तो सगळा धूर वर जातो, वरची हवा तापवतो. तीच पऱ्हाटी कोळसा करून मातीत घातली तर शेकडो वर्षं मातीतच राहते. माती पाणी धरते, खत धरते.

मागून एक म्हातारा: "शेकडो वर्सानं पाहाले कोन येईन साहेब, तुमी का?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. उठलो आणि बोलत सुटलो. आमची बांधाकडची मुरमाड पट्टी, तिथे पाणी थांबत नाही, दोन पावसांत खंड पडला की पीक माना टाकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. घालून पाहा, मग हसा. आवाज चढला होता. पण ऐकलं लोकांनी. बहुतेकांनी पऱ्हाटी द्यायचं कबूल केलं. उपटायला ट्रॅक्टर कंपनीचा, शेतकऱ्याला वर थोडेफार पैसे.

गावातलं काम मी बघायचं. भट्टी लावायची, कोळसा शेणकाल्यात मुरवायचा, मग वावरात. प्रत्येक पायरीचा फोटो फोनवरून कंपनीला. तिकडे परदेशात धूर सोडणारं कोणी, आपला धूर फेडायला, त्याचा हिशेब विकत घेतं म्हणे. फोटो नाही तर कोळसा झालाच नाही.

रविवारी अ. येते मेहकरहून. तोंडानं सांगणार तिला. नोकरी लागली म्हणून.

११ जाने.

स्टँडवर थांबलो होतो. एस.टी.तून उतरली, पिशवी घेतली मी तिच्या हातातली. वाटलं खूश होईल.

"गावची सारी पऱ्हाटी तूच नेतं म्हने."

मग कळलं. मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पऱ्हाटी उपटायची मजुरी आपल्याकडे कोणी देत नाही. ज्या बायका उपटतील त्यांनीच मोळ्या न्यायच्या, तेच त्यांचं सालभराचं सरपण. अ.ला वडील नाहीत. कौसल्यामावशी, तिची आई, दरसाल दोन-तीन वावरं अशी धरून ठेवते.

"यंदा ट्रॅक्टर लावला तुमी. आईनं चूल काय तुह्या फोटोवर पेटवाव?"

"गॅस आहे ना."

"सिलिंडर हाये. भरलेलं नाई."

इथे गप्प बसायचं होतं. मी म्हणालो, तू नर्स होऊन राह्यली, धुरानं आईच्या छातीचं काय होते हे तुलेच कळाले पाह्यजे. पिशवी हातातून ओढून घेतली तिनं. मागे पाहिलं नाही.

मावशी लोकांच्या वावरात जाते तेव्हा हिचं नर्सिंग चालतं. आणि मी हिला चुलीवरून शिकवतो.

१३ जाने., भोगी

थंडी अशी की सकाळी मोटरसायकलला किक बसत नाही.

गावाबाहेरच्या सरकारी पडीत जमिनीवर मावशी दिसली. बोरीच्या काट्या तोडत होती. हात ओरबाडलेले, पदर काट्यात अडकलेला. तोंड फिरवून जाणार होतो, तिनंच हाक मारली.

"पवन, बाजरीची भाकर खाल्ली का रे आज? नोकरी लागली म्हने तुले."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१६ जाने.

दिलं. एक पोतं. शेणकाल्यात जायच्या आधीचा, उन्हात खडखडीत वाळलेला कोळसा. ढिगाचा फोटो दुसऱ्या बाजूनं काढला, कमी दिसत नाही.

मावशी पोत्याकडे पाहत म्हणाली, "हा मातीत घालाचा हाये ना?"

"एका पोत्यानं माती मरत नाही मावशी."

तिच्याच माळ्यावरची जुनी शेगडी काढून दिली. पेटवून दाखवली. मावशी वाकून बघतच राहिली. "अगं माय, धूरच नाई." त्यावरच चहा केला. चहा होईस्तोवर मी अ.चंच विचारत होतो. काही बोलली का, माझ्यावर लई रागावली का, पुढच्या रविवारी येते का.

"तिलेच इचार ना. मले काऊन इचारतं?" हसत होती.

मी दिलं हे अ.ला सांगू नको म्हटलं. तिला वाटेल उपकार केले. मावशीनं मान डोलावली.

खूप दिवसांनी बरं वाटलं. घरी येताना शीळ वाजवत होतो, बाबांनी वर पाहिलं.

१९ जाने.

सकाळी शेजारीण ओरडत आली. मावशी दार उघडत नाही.

मी आणि रफिकनं दार तोडलं. टिनाची खोली. खालच्या फटीत गोणपाट खोचलेलं, खिडकीलाही. गारठ्यासाठी. शेगडी खाटेजवळ, थंड झालेली. मावशी अर्धी खाटेवर, अर्धी खाली. उलटी झालेली. श्वास होता.

रफिकच्या गाडीत मेहकर. तिथून बुलढाणा.

डॉक्टर म्हणाले कोळशाचा वायू. याला वास नाही, धूर नाही, माणसाला झोपेतच घेतो.

मला माहीत होतं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, बंद जागेत पेटवायचा नाही. मी परत म्हणूनही दाखवलं होतं. मग पोतं दिलं तेव्हा

२१ जाने.

शुद्धीवर आली. अ.ला ओळखलं, पाणी मागितलं.

मी खाटेच्या पायथ्याशी होतो. अ.नं विचारलं, "आई, कोयसा कुठून आनला?"

"भट्टीजवळचा उचलला म्या."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दिलेला शब्द पाळला तिनं. म्हणजे तिनं मला दिलेला.

नंतर अ.नं बाहेरून चहा आणून दिला. धावपळ केली म्हणून. "तू नसता तं आई नसती," म्हणाली. चहा प्यायलो. प्यायलो मी तो.

२४ जाने.

साहेब गावात आले. कोणी विचारलं तर कोळसा चोरीला गेला म्हणायचं, म्हणाले. बाईनं चोरला, आपला संबंध नाही. कॉलर धरली त्यांची. रफिकनं मधे पडून सोडवलं. साहेब शर्ट नीट करत म्हणाले, "कॉलेजातही हेच केलंस ना तू?" काढलं नाही मात्र. दुसरा माणूस कुठून आणणार सीझनच्या मधात.

रफिक दुकानावर घेऊन गेला. शटर अर्धं ओढलं. मग,

"चोर नाई म्हनून मारामारी करतं. मंग दिला कोनं, हे काऊन नाई सांगत?"

मी वेल्डिंगची कांडी उचलून फिरवत बसलो. त्याला कळलं.

"सांगून टाक बे अर्चनाले. आता बुढी बरी होऊन राह्यली. आता शिव्यांवर भागन."

उद्या सांगतो म्हटलं.

३ फेब्रु.

मावशी घरी आहे. चालते, भाकरी करते, बायकांशी बोलते. अ. मेहकरला परत गेली. "लक्ष ठेवजो आईवर" असा मेसेज. तिचा पहिला मेसेज महिन्यातला. किती वेळा वाचला.

मुरलेला कोळसा आमच्या मुरमाड पट्टीत घातला. बाबा न सांगता वखर घेऊन आले. पाळीवर पाळी देत गेले, बोलले नाहीत. माती काळी झाली. हातात घेतली तर थोडी ओल धरून होती. तेवढ्यापुरतं सगळं खरं वाटलं. साहेब, परदेश, शेकडो वर्षं, सगळं.

सांगितलं नाही अजून. बरी झाली ना. आता उकरून काय.

११ फेब्रु.

मावशीनं चहात मीठ घातलं. मी प्यायलो, वाटलं चूक झाली. मग तिच्या हातातून पातेलं पडलं आणि ती पडलेल्या पातेल्याकडे बघत बसली. उचलायचं असतं हेच आठवेना.

मला "दिगंबर" म्हणाली. दिगंबर म्हणजे अ.चे वडील.

१५ फेब्रु.

परत बुल. डॉक्टर म्हणाले, या वायूचं असं असतं, काही जण उठून बसतात, बरे वाटतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी डोक्यावर उतरतं. सुधारेल? सुधारतात काही. सगळे नाही.

अ.नं नर्सिंग सोडलं. इतकं साधं सांगितलं की मला आधी कळलंच नाही.

"अगं परीक्षा?"

"आईले कोन पाहीन? तू?"

हो म्हणायचं होतं.

१८ फेब्रु.

हॉटेलवर एक जण बोलला, चोरीचा कोयसा भोवला बुढीले. मी बाकावरच होतो. हात उचलला नाही. मारायचा हक्कच नाही मला, हे पहिल्यांदा कळलं.

अ.नं आज परत विचारलं आईला. गावातलं बोलणं तिच्याही कानावर गेलं असणार. "आई, खरं सांग. चोरला का कोनं दिला?"

मावशी माझ्याकडे बघत होती. एकदम सरळ. "कोनता कोयसा?"

तिला खरंच आठवत नाही. रफिक बोलणार नाही. म्हणजे मी सुटलो.

असं आलं मनात. पुसत नाही, राहू दे लिहिलेलं.

२२ फेब्रु.

साहेबांना म्हटलं, राहिलेल्या वावरांतली थोडी पऱ्हाटी बायकांसाठी सोडू. ज्या दरसाल उपटतात त्यांच्यासाठी. म्हणाले, ती चुलीत जाणार, म्हणजे पुन्हा धूर, म्हणजे आपल्या हिशेबात बसत नाही. चिडून नाही बोलले, समजावून बोलले. त्यांच्या हिशेबानं बरोबर आहे.

कंपनीचा फोन त्यांच्या हातात दिला, फोटोंसकट. आलो निघून. या वेळी कोणाला हात लावला नाही. भट्टी रफिकच्या दुकानापुढे पडली आहे.

बाबा संध्याकाळी म्हणाले, "पट्टीत टाकला तो तं खरा हाये ना?" हो म्हटलं. कित्येक महिन्यांनंतर तेवढंच बोललो दोघं.

२६ फेब्रु.

सांगितलं.

दुपारी गेलो. अ. मावशीची वेणी घालत होती, उंबऱ्यात, उन्हात. मी उभ्याउभ्याच बोललो. पोतं मी दिलं, शेगडी मी काढून दिली, तुला सांगू नको हेही मीच म्हटलं. तुझी आई चोर नाही. भराभर बोललो, मधे थांबलो असतो तर संपलं असतं.

तिनं वेणी अर्ध्यावर सोडली नाही. पेड घालत राहिली. शेवटी रबर लावलं. मग विचारलं,

"दार लावू नको म्हनून सांगतलं होतं का तिले?"

त्या दिवशी चहा होईस्तोवर मी काय काय बोललो होतो, सगळं आठवतं. सगळं हिच्याबद्दल होतं.

"नाही."

"तुले माहीत होतं?"

"हो."

मावशी वेणी चाचपत होती. मला म्हणाली, बस ना, उभा काऊन. मी बसलो नाही. अ. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. रफिक म्हणाला होता तसं शिव्यांवर भागण्याचे दिवस गेले.

कंगव्यातले केस काढून बोटाला गुंडाळत बसली किती तरी वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सकायच्या गाडीनं बुलढान्याले नेतो आईले. चढताना दोघं लागतात धराले."

ये म्हणाली नाही. येऊ नको असंही नाही.

शेजारणीला सांगितलं असेल तिनं दुसऱ्या हातासाठी. असेलच. तरी सकाळसाठी शर्ट धुऊन टाकला आहे, वाळायला वेळ लागेल.