बन्सी पळत होता

१ मार्च २०१३

जळाली! चारा छावणीतली कडब्याची गंजी सगळीच्या सगळी जळाली. पण जनावरं वाचली — एकूण एक!

माय रोज सकाळीच छावणीवर जाते, गाईगुरांपाशी बसते. दुपारी तिला जेवायला बोलवायला गेले तर एकदम धूर, आरडाओरड. माणसं हाताला लागेल त्यानं माती टाकत होती. टँकर येईपर्यंत राख. या दुष्काळात आसपासच्या गावांची गुरं त्याच कडब्यावर जगत होती.

राख निवायच्या आत गावानं आग लावणाराही ठरवला — छावणीवरचा मजूर, बन्सी. 'तोच तर पळत होता!'

त्याला पळताना मीही पाहिलं.

२ मार्च

बन्सीला ठाण्यात नेलंय. छावणी सोसायटीची, आणि सोसायटीचा चेअरमन माझा धाकटा भाऊ विठ्ठल. सकाळी म्हणाला, 'अक्का, तू बी पाह्यलंस ना त्याला पळताना? तेवढंच सांग. खोटं थोडंच हाय?'

खोटं नाही, तीच तर पंचाईत! अंबाजोगाईच्या कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. फळ्यावर लिहायची — विधान वस्तुस्थितीशी जुळलं की ते सत्य. 'बन्सी पळत होता.' जुळतं! पण एवढं बोलून मी गप्प बसले तर माणूस आत जातो. कारण तो पळत होता दावणीकडे, हातात विळा घेऊन — गुरांची दावी कापायला. वाक्यात खोट नाही. खोट आहे ती तिथंच थांबण्यात. हे इतकी वर्षं शिकवताना एकदाही सुचलं नाही.

दुपारी त्याची बायको भिमाबाई आली. ओट्याखालीच उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही. 'मॅडम, तुमी सांगसाल ते पोलीस लिवून घेतेल. आमचं कावून ऐकतेल?'

३ मार्च

ठाण्यात जाऊन आले. पाहिलं ते सगळं सांगितलं. विळा, दावी, सगळं.

जमादार — 'मंग आग लावली कोणी?'

'माहीत नाही.'

'म्हंजे इतकं शिकून तुमाला काईच माहीत न्हाई!'

'नाही.'

काय हलकं वाटलं तो शब्द बोलताना!

संध्याकाळी बन्सी सुटला. भिमाबाईचा फोन — 'आले बरं का मॅडम. जेवायलेत.'

रात्री विठ्ठल घरी आल्यावर त्याला सोडलं नाही. 'निरपराध माणसाला अडकवायला निघालास! इतका कसा खोटा झालास रे?' एरवी एकाला दोन ऐकवणारा — आज त्यानं फक्त मायकडं पाहिलं आणि बाहेर निघून गेला.

४ मार्च

विठ्ठल जेवला नाही. मी पोटभर जेवले.

६ मार्च

परळीकडून कडब्याचा ट्रक आला! गुरं अशी तुटून पडली की बघत राहावं. सगळ्या छावणीनं श्वास सोडला.

आगीच्या दिवशी बन्सीच्या अंगावर धावून गेलेला गावातला बबनराव आज त्याला तंबाखू मळून देत होता. माफी-बिफी काही नाही. बन्सीनंही मुकाट घेतली. माणूस भ्याला की त्याला कुणाचंतरी नाव लागतं. भीती गेली की नावही विसरतो. याला दुष्टपणा म्हणवत नाही — आणि चांगुलपणा तर नाहीच.

मोकळं वाटतंय. काल दुपारी चक्क झोपले. खरं सांगायचं तर, स्वतःवर जरा खूशच आहे.

८ मार्च

सकाळी माय धुतलेलं लुगडं नेसून माझ्यासमोर बसली.

'शिवे, त्या दिशी मजुरांला गुळाचा चा द्यावा म्हणून म्या गंजीमागं तीन दगडांची चूल मांडली. इस्तू इझला वाटलं. विठूनं पाह्यलं, मला बोलू देईना. मला आता न्हाई ऱ्हावत. चल बन्सीच्या घरी.'

विठ्ठल दारात आडवा. 'माय, पोलीस नेतेल तुला!'

'नेऊ दे. सर बाजूला.'

सरला. मग तिचा हात धरून तोच पुढं निघाला. त्याला खोटा म्हणणारी मी मात्र कितीतरी वेळ चपला शोधत होते.