यंत्रावरचा घसारा आणि आमची शाखा

ती. मामा,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता आलं नाही, कंबर धरली आहे. राहिलेला नमस्कार येणे बाकी समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी फोनवर हिला सांगत होत्या की डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून तुम्ही मुद्दाम गच्चीवर जाऊन बसता. मामींचा रक्तदाब त्यामुळेच वाढत असावा, तरी कृपा करून खालीच बसावं. आम्ही इथे सगळे बरे आहोत.

मी इथल्या अकाउंटंट संघटनेच्या शाखेचा सचिव झालो म्हणून तुम्ही अभिनंदनाचं पत्र पाठवलंत, त्याला उत्तर द्यायला उशीर झाला. तुम्ही उभी नोकरी संघटनेच्या मध्यवर्ती कार्यालयात काढलीत, तेव्हा शाखा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी इमारत वगैरे येत असेल. आमची शाखा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खाली मोठं काम आलं की वर टेबल थरथरतं आणि सभेचे ठराव आपोआप हलल्यासारखे वाटतात. पंखे दोन आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नसावेत, कारण एक चालू केला की दुसरा बंद पडतो. दर महिन्याला आम्ही वार्तापत्र काढतो. त्यात सभासदांचे वाढदिवस आणि नवे नियम असतात. ते लिहितो मी, तपासतो मी, आणि माझा दाट संशय आहे की वाचतोही मीच. गेल्या वर्षी टेकडीवर सहल काढली होती, तर सगळे सभासद बसमध्येच बसून करावर वाद घालत राहिले. ड्रायव्हर मात्र टेकडी बघून आला.

सचिव मी झालो त्यात माझं कर्तृत्व काही नाही. निवडणुकीच्या दिवशी मी पाणी प्यायला बाहेर गेलो आणि आत आलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. अध्यक्ष मात्र खूप जुने आहेत. त्यांना आम्ही आपसात ‘राखीव निधी’ म्हणतो, कारण ते कायम असतात, सगळ्यांना त्यांचा आधार वाटतो आणि गरज पडली की ते हाताला लागत नाहीत.

तर मध्यवर्ती कार्यालयाचं परिपत्रक आलं. ज्या शाखांच्या कार्यक्रमांना कोणी येत नाही, त्या जवळच्या मोठ्या शाखेत विलीन करणार. पाहणीसाठी निरीक्षकबाई वार्षिक चर्चासत्राला जातीने येणार. आमच्या जवळची मोठी शाखा म्हणजे शेजारच्या शहरातली. तिथे गार हवेचं सभागृह आहे, आणि त्यांचा सचिव भेटला की माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘कसं चाललंय?’ असं दवाखान्यात विचारल्यासारखं विचारतो. मामा, तुम्ही म्हणाल, होऊ द्या विलीन, खोलीचं भाडं तरी वाचेल. पण खरं सांगू का? मी या गावात नवा आलो तेव्हा मला त्याच खोलीत माणसं मिळाली. इथे ‘मला हे येत नाही’ असं मोठ्याने म्हणता येतं आणि कोणीतरी खुर्ची सरकवून शेजारी बसतं. गार सभागृहात हे जमायचं नाही. तिथे सगळ्यांना सगळं येतं.

मी कंबर कसली. (धरली ती याच कामात.) वाचनालयाच्या इमारतीतलं वरचं सभागृह घेतलं. सभासदांना फोन केले. सगळे म्हणाले, “येतो की! घरचंच कार्य आहे.” त्या शब्दांचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. घरच्या कार्याला माणसं जेवणाच्या वेळेलाच येतात. व्याख्याता आमच्यातलाच एक तरुण होता. विषय: यंत्रांवरचा घसारा. यंत्र वापरून जुनं होतं तशी त्याची किंमत दरवर्षी किती उतरवायची, एवढाच तो विषय, पण हा मुलगा त्यावर देहभान विसरून बोलतो. आजवर त्याला कोणी एकही प्रश्न विचारलेला नाही, हे त्याचं मोठं दुःख आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी निरीक्षकबाई वेळेआधी येऊन पहिल्या रांगेत बसल्या. सरळ पाठ, करडे केस, चेहऱ्यावर एकही नोंद नाही. मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आमचे सभासद एका कोपऱ्यात इतके दाटीवाटीने बसले होते की होते त्याहूनही कमी वाटत होते. राखीव निधी माझ्याजवळ येऊन म्हणाले, “तुम्ही बघा काय ते,” आणि खांबाआड गेले.

आणि एवढ्यात, मामा, दार उघडलं आणि माणसं यायला लागली! काठ्या टेकत, एकमेकांचे हात धरत, आजी आल्या, आजोबा आले, आणि बघता बघता सभागृह भरलं. जागा पुढे मिळावी म्हणून चक्क भांडणं झाली. घसाऱ्यावरच्या व्याख्यानाला पुढची जागा! माझे डोळे भरून आले. झालं होतं असं की खालच्या दालनात ज्येष्ठांसाठी मोफत कानतपासणीचं शिबिर होतं, तिथला पाण्याचा नळ फुटला, आणि इमारतीच्या रखवालदाराने सगळ्यांना ‘वर जाऊन बसा’ म्हणून सांगून टाकलं. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं की वार्तापत्र कोणीतरी वाचतं.

निरीक्षकबाईंनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, “हे सगळे सभासद?”

राखीव निधी तत्काळ खांबाआडून बाहेर आले. “ज्येष्ठ सभासद,” ते म्हणाले. “फार जुने.”

व्याख्यान सुरू झालं. ‘यंत्र’ हा शब्द कानावर पडताच (ज्यांच्या पडला त्यांनी न पडलेल्यांना कोपराने सांगितला) सभागृहात अशी शांतता पसरली की आमचा व्याख्याता दचकून थांबला. यंत्र किती वर्षं टिकेल असं धरावं, ते कधी मोडीत काढावं, हे तो सांगत होता आणि माणसं प्राण कानात आणून ऐकत होती. मग प्रश्न सुरू झाले. एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. “माझं यंत्र शिट्टी मारतं,” त्या म्हणाल्या. “विशेषतः जावई बोलायला लागले की. ते दुरुस्त करावं की टाकून द्यावं?”

आयुष्यातला पहिला प्रश्न! त्या मुलाचा चेहरा उजळला. कुठल्या कारखान्यातलं यंत्र, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. “बाई, त्याचं उपयुक्त आयुष्य संपलेलं दिसतं. आता फक्त अवशिष्ट मूल्य धरायचं, म्हणजे भंगारात विकून जे हाती येईल ते.”

मागून एक आजोबा ताडकन उठले. “कोणाचं उपयुक्त आयुष्य संपलं?”

“साधारण पंधरा वर्षं वापरलं की संपतंच, आजोबा.”

“मी ऐंशी वर्षं वापरतोय! भंगारात कोण घालतो बघू!”

मग जो गदारोळ उडाला तो काय सांगू. कोणी म्हणे यंत्र एका कानाला एक असावं, कोणी म्हणे आधीचं परत घेतात का. व्याख्याता प्रत्येकाला मनापासून उत्तरं देत होता, आमचे कोपऱ्यातले सभासद आयुष्यात प्रथमच पुढे सरकून बसले होते, आणि निरीक्षकबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा मला वाटला. तेवढ्यात दारात पांढरा कोट घातलेले कानाचे डॉक्टर उभे राहिले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. ते मोठ्याने म्हणाले, “माझे पेशंट कोणी नेले?”

राखीव निधी पुन्हा खांबाआड गेले. मी उठलो. गप्प बसलो असतो तर कदाचित निभावलंही असतं, पण दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरणाऱ्या माणसाने रिकाम्या खुर्च्या भरलेल्या दाखवायच्या, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हणालो, “बाई, यातले आमचे फक्त ते कोपऱ्यातले. बाकीचे कान तपासायला आलेत. आमच्याकडे एवढी माणसं कधीच येत नाहीत.”

त्या म्हणाल्या, “मला शिट्टीच्या वेळीच कळलं होतं. तुम्ही सांगता का, एवढंच बघत होते.”

डॉक्टरांनी मग तिथेच टेबल मांडून तपासणी सुरू केली. पण गंमत पुढेच आहे. रांगेत उभं राहून कंटाळलेल्या आजी-आजोबांनी आमच्या सभासदांना घेरलं. कोणाचं पेन्शन अडलेलं, कोणाला बँकेचा कागद कळत नव्हता, कोणाला मुलाने सही करायला दिलेलं वाचून हवं होतं. आमची माणसं खुर्च्या सरकवून त्यांच्या शेजारी बसली, अगदी खोलीत बसतात तशी. शिक्षिका म्हणाल्या, “दर महिन्याला बसत जा की असे.” निरीक्षकबाईंनी अध्यक्षांना विचारलं, “हे कोण चालवणार?” त्यावर राखीव निधींनी प्रकृतीच्या कारणास्तव जागेवरच राजीनामा दिला. म्हणजे आता अध्यक्षही मीच. जाताना निरीक्षकबाई मला जिन्यात म्हणाल्या की शाखेची मुदत वाढवते, काम करून दाखवा.

असा सगळा आनंद आहे. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. रांग संपल्यावर डॉक्टर म्हणाले, या, तुमचेही कान बघू. माझा डावा कान जवळजवळ कामातून गेला आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. तुम्ही कानाला यंत्र लावता, तेव्हा कोणतं चांगलं ते कळवावं. हिला यातलं काही बोललेलो नाही. तुम्हीच आपणहून सुचवल्यासारखं तिला पत्र लिहिलंत तर बरं दिसेल.

दुसरा ता. क. खरं काम हे की निरीक्षकबाई जिन्यात माझ्या डाव्या बाजूला होत्या. त्या ‘मुदत वाढवते’ म्हणाल्या की ‘मुदत संपवते’, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. मी हसून आभार मानले, तेव्हा त्या जरा चमकल्यासारख्या वाटल्या. मध्यवर्ती कार्यालयात तुमच्या ओळखी आहेत. कृपा करून गुपचूप विचारून कळवावं. मला झोप नाही.

ती. मामांना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं म्हणून चार ओळी लिहिते. त्या बाईंचा फोन परवाच घरी आला होता. शाखा राहिली आहे. मी ह्यांना स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, तर हे म्हणाले, “ठेव तिथेच, नंतर खातो.” यंत्राचं मात्र लवकर बघा. आणि मला वेगळं पत्र लिहायची तसदी घेऊ नका. त्या कानांची बातमी ह्यांच्याही आधीपासून आळीत सगळ्यांना आहे.