धाकटीचं पाठांतर

बापू,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की धाकटीला अभ्यास जमत नाही म्हणून तुम्ही तिला माझ्या शेजारून उठवून केळीच्या बागेत नेलंत. ते चूक आहे. तिला उठवा म्हणून हट्ट मी धरला होता. मी दहावीत होते, ती चौथीत, आणि तिची चुळबुळ मला नको होती.

अर्धापूरला आपल्या ओसरीवर तुम्ही सुतळी सोडवत बसलेले असायचात आणि मी मोठ्यानं धडा सांगत असायचे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण मी भरभर बोलायला लागले की तुम्ही हात वर करायचात. "थांब. हितं तुला कळलं न्हाई, म्हणून पळालीस." खरंच, तिथंच मला कळलेलं नसायचं. घरात पुस्तक उघडणारी मी पहिली. अभ्यास म्हणजे आवाज, हे आईनं आणि मी धरून ठेवलं. धाकटी मात्र झाडाच्या भागांचा धडा सांगताना दुसऱ्याच वाक्याला अडकली. तुम्ही तिला केळीत नेऊन एक कंद उभा चिरून हातात दिलात. संध्याकाळी ती मातीचे हात घेऊन आली आणि नवे कोंब कुठून फुटतात ते मलाच सांगायला लागली. मी चिडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझं तोंड चालतंय, तिचे हात. दोघींला एकाच कासऱ्यानं कशाला बांधतीस?"

बांधलंच मी. तुम्ही गेल्यावर तिच्या शिक्षणाचं माझ्याकडे आलं. मी नांदेडला नोकरीला लागले, तिला लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला घातलं. रोज संध्याकाळी सहाला तिनं फोनवर तासभर धडे म्हणून दाखवायचे, हा नियम माझा. आकृत्या काढत बसायची, तेही मीच बंद केलं. सुरुवातीला ती अडखळायची, भांडायची. "ताई, तू मास्तरीण हायस का फौजदार?" मग भांडण थांबलं. दिवाळीपासून एकही चूक नाही. आई म्हणते, "मशीनवानी बोलती बघ!" मलाही बरं वाटत होतं.

गेल्या रविवारी हृदयाचा धडा चालू असताना मी मध्येच विचारलं, "झडप नीट मिटली नाही तर रक्त कुठं जाईल?" ती त्याच सुरात पहिल्या ओळीपासून सुरू झाली. मी नाव घेऊन हाक मारली. परत पहिली ओळ. बापू, त्या आवाजात कुठं घाई नव्हती, कुठं थांबणंही नव्हतं. तुम्ही असतात तरी हात कुठं वर केला असता?

सोमवारी तिच्या खोलीतल्या मुलीचा फोन आला. "ताई, आम्ही तिला रेडिओ म्हणून चिडवायचो. आता न्हाई चिडवत. ताटावर बसली तरी पुटपुटून राहिली, घास तसाच हातात. तुम्ही येऊन जावा." मागून धाकटीचा आवाज येत होता, एकसारखा.

आज शनिवार. रजा मिळत नाही असं मी आईला सांगितलंय. खरं म्हणजे मी अर्जच केलेला नाही. मला पाहूनही तिनं पहिली ओळच म्हटली तर, याची भीती वाटते. आज सहाला फोन वाजला, मी उचलला नाही. पूर्ण वाजून तो थांबला. त्यानंतर तासभर ती कुणाला म्हणून दाखवत होती, मला माहीत नाही.

इथं आधी मी 'सोमवारी जाईन' असं लिहिलं होतं. ते खोडलंय. सोमवारपर्यंत थांबायला काहीच कारण नाही. उद्या, रविवारी, पहिल्या बसनं.