सतरा नंबरची हजेरी

छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

प्रिय भामाआत्या,

जय येशू. आधी एक दुरुस्ती करते, मग बाकीचं.

नाताळात पाठवलेल्या पत्रात मी लिहिलं होतं की अदीबा मार्चपर्यंत माझ्या तिसरीच्या वर्गात होती, आणि घरचे सिल्लोडला गेले म्हणून तिची शाळा सुटली. ते चूक आहे. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीनंतर ती वर्गात आलीच नाही. सिल्लोडला ते लोक जूनमध्ये गेले.

बाबांचा गुडघा बरा आहे. जिना चढताना कुरकुर करतात, पण रविवारची मिस्सा चुकवत नाहीत. माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चार फेब्रुवारीला आहे. ती झाली की बी.एड. कॉलेजातली जागा कायम होईल, असं प्राचार्य म्हणाले. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलं.

तुझ्या उत्तरात एकच ओळ होती. "दीपे, त्या पोरीचं तोंड तू शेवटचं कधी पाहिलंस?" तीन आठवडे मी ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. तुला कसं कळलं, मला माहीत नाही. मी सारखी आजारी असायचे म्हणून पहिली दोन वर्षं तू मला घरीच चुलीपुढं शिकवलंस. तेव्हा मांडीवर तुझ्या शाळेचा हजेरीपट घेऊन म्हणायचीस, आधी तोंड बघायचं, मग हजेरी मांडायची. नुसत्या आवाजावर विसंबायचं नाही.

अदीबाला ऐकू कमी यायचं. हजेरीत तिचा नंबर सतरा. मी सतरा म्हटलं की शेजारची प्रेरणा तिच्या मनगटाला बोट लावायची आणि अदीबा हात वर करायची. कधी ती चित्रात गुंग असली तर प्रेरणाच तिच्यासाठी डावा हात वर करायची. तसं मीच ठरवून दिलं होतं. माझ्या प्रबंधात त्यावर आठ पानं आहेत. ख्रिस्ती शाळेत शिक्षकाचं पाचारण, देवाची हाक, म्हणजे काय, कुणालाही बाहेर न ठेवणारा वर्ग कसा उभा राहतो, त्याचं उदाहरण म्हणून. शेवटी तक्ता आहे, अदीबाची वर्षभराची उपस्थिती शहाण्णव टक्के.

जानेवारीत बाक रिकामा होता, तरी सतरा म्हटलं की प्रेरणाचा डावा हात वर यायचा आणि मी मान खाली घालून हजर मांडायचे. सवयीनं झालं, असं मी गाईड सरांना सांगितलं. तुलाही तेच लिहिणार होते.

पण सवयीनं झालं नाही, आत्या. पहिल्या आठवड्यातच मी पेन थांबवून प्रेरणाला म्हणाले होते, हात खाली घे, ती आलेली नाही. ती म्हणाली, "मी हात नाही केला तर मॅडम, तुम्ही तिचं नाव काढून टाकाल ना?" मी हजर मांडलं. पुढं बासष्ट दिवस मांडत राहिले.

आणि ती का आली नाही, हे मला माहीत होतं. जानेवारीत विद्यापीठातून दोघंजण माझा वर्ग पाहायला येणार होते. अदीबाच्या कानातलं मशीन मधेच शिट्टी मारायचं, मग ती घाबरून बाक बडवायची. मी तिच्या आईला, जैतुनबींना, फाटकाशी गाठून सांगितलं की आठवडाभर हिला घरी ठेवा, मी कळवते. पाहुणे आले, वर्ग पाहिला, खूश होऊन गेले. त्यानंतर वर्ग इतका शांत चालायला लागला की मी आज कळवू, उद्या कळवू करत राहिले. फेब्रुवारीत जैतुनबी पुन्हा फाटकाशी आल्या. "मॅडम, इने रोज सुबू बस्ता लेको दरवाजे में बैठती. कब लाऊं?"

मी म्हणाले, कळवते.

गाईड सरांना हा भागही सांगितला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, एका मुलीनं प्रबंधातल्या सगळ्या शाळांची सरासरी अर्धा टक्कासुद्धा हलत नाही, खाली एक टीप टाका आणि परीक्षा देऊन मोकळ्या व्हा. टीप लिहूनही पाहिली. दोन ओळींत बसली. त्याचीच मला भीती वाटली.

आता कॉलेजात हजेरी घेताना सोळा झाले की माझा आवाज थांबतो. सतरा नंबरची मुलगी चांगली मोठी आहे, खणखणीत ओ देते. तरी मी तिच्याकडं न बघता तिच्या शेजारी बघते. तिथं बाकावर कुणाचं तरी मनगट ठेवलेलं असावं असं वाटतं. भर दुपारी, पन्नास जण समोर असताना. पोरी आता हसतात, म्हणतात, मॅडमचा सतराचा पाढा अडतो. पापनिवेदनालाही मी गेलेले नाही. फादर क्षमा करतील, आणि मग मला सिल्लोडला जावंसं वाटणार नाही.

प्रेरणाच्या आईकडून पत्ता मिळाला. अदीबा आता अकरा वर्षांची आहे. घरीच असते. तिकडच्या कुठल्याही शाळेत तिचं नाव नाही.

मी ठरवलंय. प्रबंधातलं अदीबाचं प्रकरण मागं घ्यायचं आणि का ते अर्जात लिहायचं. पदवी लांबेल, जागाही बहुतेक जाईल. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तुला विचारतील तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. जैतुनबींकडं माफी मागणार नाही. त्या भल्या आहेत, लगेच देऊन टाकतील. मी काय केलं ते त्यांना सरळ सांगेन. त्यांनी दारात उभं केलं, आणि अदीबाला शाळेत घालायचं म्हणाल्या, तर तिला प्रवेश मिळेपर्यंत दर आठवड्याला जात राहीन. नाही म्हणाल्या तर तेही ऐकून घेईन.

अर्जावर गाईड सरांची सही लागते, ते गावाहून गुरुवारी परत येतात. सही झाली की तिथूनच सिल्लोडची एसटी धरीन. तारीख तुला लिहून देते आहे, कारण मनातल्या मनात मी ती तीन वर्षं पुढं ढकलली आहे.

तुझ्या हाताखाली शिकलेली,
दीपमाला

गुरुवार, २९ जानेवारी २०२६.