धाकट्याचं दूध

धाकट्या कदिरेसनास,

गोठा मी बांधला, जुन्या चहापेट्यांच्या फळ्यांचा. मधमाश्यांच्या तीन पेट्या केल्या, कोपऱ्यात सूतभर फट नाही. मजुरांच्या खोल्यांमागच्या उतारावर कोबीचे वाफे काढले. शिकवलं कुणी नाही. चहामळ्याच्या मजुरीवर पाच जणांचं भागत नाही, म्हणून केलं.

आपल्या गाईचं दूध सगळं डेअरीला जातं. घरात चहा होतो तो तू कोलंबोहून पाठवतोस त्या दुधाच्या पावडरीचा. काल शेजारची पेच्ची म्हणाली, "अक्का, चहा झकास!"

"माझ्या धाकट्याचं दूध आहे ते," आई म्हणाली.

मी धार काढून बादली घेऊन दारातच उभा. "आणि हे?"

"ते विकायचं, राजा."

आज डेअरीला अर्धा लिटर कमी घातलं आणि आईला त्याचा चहा करून दिला. तिनं घोट घेतला, डोळे मिटले. "या वेळी धाकट्यानं पावडर चांगली पाठवली रे!"

मी बादली विसळायला घेतली. हे पत्र पेटीत टाकणार नाही. तू मला तुझ्या हॉटेलच्या गल्ल्यावर बोलावलंस, हे तिला अजून ठाऊक नाही. मी आलो असतो तर गाय विकावी लागली असती. मी नको म्हटलं. पगार होता महिना साठ हजार रुपये.

तुझा अण्णा,
वेलायुधम