पोस्टरवरची निळी

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या नळकांड्यात पोस्टर आहे. ते भिंगरीलाच उघडू दे, मामाची भेट म्हणून. तू उघडलंस तर आधी शुद्धलेखन तपासशील.

नव्या सिनेमात पाच सुपरहिरो आहेत. प्रत्येकाचं वेगळं पोस्टर करायचं ठरलं आणि निळी माझ्या वाट्याला आली. निळा पोशाख घालणारी, कानामागे ऐकायचं मशीन लावणारी मुलगी. मशीन झाकायला केस पुढे घ्या, असं एकाने सुचवलं. मी केस घट्ट मागे बांधले आणि सगळा उजेड मशीनवर टाकला. तिला खालून बघितल्यासारखं दाखवलं, म्हणजे इमारती तिच्या गुडघ्यापर्यंत येतात. मान वळवून ऐकायची ती ऐट कुणाची, हे तुला ओळखू येईलच. तुझ्याच घरात फिरते ती. वर ओळ टाकली आहे : ‘आता जग तिचं ऐकणार!’

पहिल्या खेळाला येईन म्हणालो होतो, पण कामाने मान वर करू दिलेली नाही. तुम्ही मात्र नक्की जा. भावोजींना सांग, झोपायला घरी जागा आहे, तिथे घोरू नका.

लोभ आहे, तो उतू जाईपर्यंत असावा.

तुझा धाकटा


१९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज ते हात आखडून देते आहे.

तुझं पोस्टर भिंगरीने पलंगासमोर लावलं. वर्गातल्या मैत्रिणींना बोलावून दाखवलं, माझ्या मामाने मला बघून काढलं म्हणून सांगितलं. सिनेमाला आठ जणींची वरात घेऊन गेलो. गेलं वर्षभर आपलं मशीन लपवायला कानावर केस ओढून फिरणारी ही मुलगी त्या दिवशी केस मागे बांधून निघाली. मी दारात उभी राहून बघत राहिले.

तुझी निळी पडद्यावर आली, तिने एक दार उघडलं, ‘मागे व्हा’ म्हणाली आणि तिच्या अंगावर छत कोसळलं. संपलं! पुढचे दोन तास बाकीचे चौघे जग वाचवत होते. एका मैत्रिणीने मोठ्याने विचारलं, की तुझी ती पाणी प्यायला गेली का. सगळ्या फिदीफिदी हसल्या. भिंगरी म्हणाली, शेवटी येईल. शेवट झाला, नावं सरकून गेली, झाडूवाला आमच्या रांगेत आला, तरी ती उठेना.

घरी आल्यावर तिने मशीन काढून डबीत ठेवलं. तेव्हापासून ते डबीतच आहे. वर्गात बाईंनी नाव पुकारलं तरी ही खिडकीबाहेर बघत असते.

बियाण्याच्या पाकिटावर टपोरं कणीस छापून आत खडे भरणाऱ्याला लोक भर चौकात जाब विचारतात. तुमच्या धंद्यात त्याचा सत्कार होतो. मी आयुष्यभर मुलांना वक्तृत्व शिकवलं. पहिला धडा हाच देते, की जे भाषणात नाही ते मथळ्यात सांगू नका. माझ्याच भावाला तो शिकवायचा राहिला.

पुढचा लोभ तुझ्या उत्तरावर.

ताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण एक सांगतो, आम्ही पोस्टरवाले सिनेमा बघत नाही. चित्रीकरणाचे मूठभर फोटो येतात आणि गोष्टीचं अर्धं पान. तेवढ्यावर आम्ही काम उरकतो. प्रसिद्धीच्या बाईंनी बैठकीत स्पष्टच सांगितलं, की मुलगे या सिनेमांना तसेही येतात, मुली आणि त्यांच्या आया खेचून आणायच्या आहेत. सगळ्यांच्या एकत्र पोस्टरवर नायकाचा चेहरा सर्वांत मोठा ठेवावा, असा करारच असतो. एकेकट्याच्या पोस्टरला ती अट नाही. म्हणून निळीला अख्खा कागद मिळाला.

ताई, पोस्टर म्हणजे नुसतं आमंत्रण. जेवण कसं झालं, ते आचाऱ्याला विचारायचं असतं. भिंगरीसाठी वाईट वाटतं, पण छत मी पाडलं नाही.

रागावलीस तरी लोभाला कुलूप लावू नकोस.

धाकटा


३० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद गृहीत धर.

त्या अर्ध्या पानात काय होतं, ते तू लिहिलं नाहीस. मीच लिहिते. ती मरते, हे त्यात होतं. लहानपणी ताप अंगात असताना उशी पांघरुणाखाली ठेवून सिनेमाला पळणारा तू! आणि स्वतः पोस्टर केलेल्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला तुला काम आडवं आलं? तुला भिंगरीच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं नव्हतं. छत कोसळताना तिचं तोंड बघायचं नव्हतं. आमंत्रण देणारा जेवायच्या वेळी गायब झाला, की पाहुण्याने काय समजायचं?

मला काही लिहू नकोस. तिला लिही. सरळ लिही.

ताई


६ डिसेंबर

चि. भिंगरीस,
मामाचे पोतंभर आशीर्वाद.

तू सिनेमावर रुसलीस, असं कळलं. रुसणं बरोबरच आहे. पण थोडा विचार कर. छत कोसळलं, ते तू पाहिलंस. निळीला बाहेर काढताना कुणी दाखवलं का? नाही ना? सुपरहिरो असे एका छतात आटपत नाहीत. दुसरा भाग यायचा आहे. कदाचित त्यात निळीच सगळ्यांच्या पुढे असेल. तोवर तू मशीन डबीत ठेवलंस, तर ती आल्याची चाहूल तुला कशी लागणार?

आईला सांग, मामा पुढच्या महिन्यात येतोय आणि तिची बोलणी खायला पोट रिकामं ठेवून येतोय.

तुझा मामा


१८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आज एकही आशीर्वाद हातचा राखलेला नाही.

काय लिहिलंस, ते ती दाखवत नाही, पण शाबास! त्याच दिवशी मशीन कानावर चढलं. केस पुन्हा मागे बांधले. निळी मेलेली नाही, दुसरा भाग तिचाच आहे, मामाने सांगितलंय, असं तिने वर्गात जाहीर केलं. पोस्टर करणाऱ्याला आतलं माहीत असतं, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. आता मधल्या सुट्टीत निळीचा खेळ चालतो आणि निळी कोण व्हायचं, यावर भांडण होत नाही. ते ठरलेलं आहे. बाई म्हणाल्या, परवा तिने स्वतःहून हात वर केला.

तुला बोलले ते मागे घेत नाही, पण त्यावर पांघरूण घालते. हे म्हणतात, तुझ्या बहिणीने पहिल्यांदाच कुणाला तरी माफ केलं, तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

लोभ पूर्ववत सुरू.

ताई


२४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पांघरूण काढ. मी त्या लायक नाही.

अर्ध्या पानात तिसऱ्याच ओळीत होतं, की निळी सुरुवातीलाच मरते. ते वाचून मी पेन्सिल खाली ठेवली, चहा प्यायलो आणि पुन्हा उचलली. तिची मान भिंगरीसारखी काढली, तेव्हा मला हे माहीत होतं. तू म्हणालीस ते अक्षर न् अक्षर खरं आहे.

याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्या भागाचे फोटो माझ्या टेबलावर आले आहेत. निळी त्यात कुठेच नाही. भिंगरीला पत्र लिहिलं, तेव्हाही ते समोरच पडले होते. तिला समजवायला बसलो आणि हातून पुन्हा पोस्टरच झालं. या वेळी सही माझी आहे. प्रसिद्धीच्या बाईंचं नाव पुढे करायची सोय नाही.

खरं सांगितलं तर मशीन डबीत जाईल आणि वर्ग तिच्यावर हसेल. नाही सांगितलं तर वर्षभराने भरलेल्या थिएटरात तेच होईल, आणि मी पुन्हा कुठल्या तरी कामात असेन. रोज कामावर जाताना तेच पोस्टर भिंतीभिंतीवर दिसतं. मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो, तर तिकडेही तेच.

सोबत भिंगरीसाठी पाकीट आहे. त्यात एवढंच लिहिलंय, की मला दोन्ही वेळा माहीत होतं. ते चिकटवलेलं नाही. तू वाच. फाडावंसं वाटेल, पण फाडू नकोस.

लोभ मागायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही.

धाकटा


२ जानेवारी

ती. मामास,
सा. न.

आईने पाकीट दिलं. आधी ती स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, म्हणून मला वाटलं, तिचं बाबांशी भांडण झालंय.

मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात बोलले नाही. मग तुझं आधीचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात तू ‘कदाचित’ लिहिलं होतंस. मला तो शब्द दिसला होता. वर्गात सांगताना मी तो गाळला. तो ठेवला असता तर कुणी ऐकलंच नसतं. तूही असंच करतोस ना? मला तुझा खूप राग आला आहे आणि थोडा माझाही.

दोघी-तिघी मला सारख्या विचारतात, की दुसरा भाग कधी येणार. एकीने तर वाढदिवसाला सिनेमाच मागितला आहे. मी बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत बसते. तुलाही कुणी असंच विचारत असेल तर बरंच आहे.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगणार आहे, की निळी येणार नाही. आई म्हणाली, मी बोलते. मी नको म्हटलं. ती बोलायला लागली की सुट्टी संपते. बाईंना विचारलं आहे, तुला आत यायची परवानगी मिळाली आहे. तू ये आणि मागच्या बाकावर बस. बोलायचं मी, तू नाही. तुला कुणी काही विचारलं तर मात्र उभं राहून खरं सांगायचं.

मशीन लावूनच जाणार आहे. सगळ्या हसल्या तर मला कळायला हवं, कोणकोण हसतंय ते.

लोभाचं सोमवारनंतर बघू.

भिंगरी