कठड्याची रांगोळी

बेळगाव, ता. ९ फेब्रुवारी १९२८

चिरंजीव मष्णू भावजी यांस,

आशीर्वाद. विधवेचा चालत असेल तर घ्यावा.

तुमचं कार्ड पोचलं. माझी तब्येत बरी आहे. माझ्या धाकट्या जावेला, मालुबाईला, मुलगा झाला, आनंद वाटला. बारशाला बोलावणं का आलं नाही तेही समजलं.

निपाणीच्या तंबाखूवाल्या शेठजींच्या जिन्याला लोखंडी कठडा करायचा आहे, म्हणून तुमच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, विलायती नक्षीचं पुस्तक पाठवा म्हणता. सापडत नाही असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? माझ्या उशाशी आहे. त्यातलं इंग्रजी मला वाचता येत नाही. मराठीसुद्धा मी पुड्यांच्या कागदांवरून शिकले. पण छापलेल्या वेली पाठ आहेत.

पहिला कठडा बिघडला, वेल पायरीपायरीला मोडते, असं लिहिलंत. मोडणारच. वीतभर चित्र जिन्याएवढं करायचं तर आधी जमिनीवर ठिपके मांडावे लागतात आणि जिना चढेल तसे तिरपे सरकवावे लागतात. मी रांगोळीनं वेल आखायची, अण्णा सळी वाकवून रेघेवर ठेवून बघायचे. कॅम्पातले साहेब त्यांची वाहवा करायचे, ते मान डोलवायचे. आखणारी मी, त्यांची बायको, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मी रागावले नाही. आता ते नाहीत, आणि आता राग येतो.

तुम्ही मात्र शेजारी बसून सगळं बघत होता. तरी तेराव्यानंतर मी सवयीनं दारात चार ठिपके ठेवले, ते तुम्ही पायानं पुसलेत.

"वैनी, रंडकीच्या हातची रांगोळी दारात? लोकं थुकतील आमच्यावर!"

"मग कठडं कोण आखायचं, भावजी?"

"पुस्तक हाय की! त्यात बघून येडं बी करंल."

आणि आता कार्डाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिता, आठवडाभर या, घरामागच्या परड्यात दार लावून आखून द्या, कुणाला कळणार नाही.

पुस्तक सोबत पाठवते आहे. ते तुमच्या घराण्याचं आहे. हात माझा आहे, तो दार लावून चालणार नाही. शेठजींच्या घरात, बायकामाणसांच्या देखत, भर दुपारी आखीन. ही विधवा आहे आणि कठडा हीच आखणार आहे, हे आधी तुम्ही त्यांना तुमच्या तोंडानं सांगायचं. त्यांना नको असेल तर मी उलट पावली परत येईन. तुम्हालाच सांगणं जमत नसेल, तर पुन्हा कार्ड घालू नका.

आखणारी,
गुणाबाई